डाव्या खांद्याची रायफल

बंदूक विकत घ्यायची वेळ माझ्यावर मेथीमुळे आली. हे वाक्य मी गार्डा स्टेशनात, म्हणजे इथल्या पोलीस ठाण्यात म्हटलं, आमच्या डॉक्टरांपुढे म्हटलं, डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या मैत्रिणींना फोनवर सांगितलं, आणि प्रत्येकाने मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. शेवटी शेवटी मी चिडून म्हणायचे, हो, मेथी, पालेभाजी, पराठ्यात घालतात ती.

कॉर्कपासून पाऊण तासावर माझं दोन एकर शेत आहे. माझं म्हणजे भाड्याचं. मालक एक म्हातारा, एकटा राहणारा, अतिशय सज्जन माणूस. आयर्लंडला आले तेव्हा मी नवऱ्याच्या नोकरीमागून आलेली बायको होते. तो औषधांच्या कारखान्यात इंजिनीअर, आणि मी बारा वर्षं प्रत्येक फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात आडवी रेघ ओढणारी बाई. नंतर हे शेत मिळालं. मेथी, शेपू, कोथिंबीर, मुळा, मटार, आणि प्लॅस्टिकच्या टनेलमध्ये मिरची नि अळू. दर दुसऱ्या शनिवारी गाडी भरून ल्यूकनला न्यायची. तिथल्या बायका पार्किंगमध्येच जुड्या नाकाला लावून डोळे मिटायच्या. पहिल्या वर्षी मी त्या रकान्यात 'शेती' लिहिलं तेव्हा अक्षर जरा मोठंच आलं होतं.

मग हरणं आली. शेताच्या वरच्या अंगाला सरकारी जंगल आहे, तिथून बांधावरून उतरायची. पहिल्या वर्षी एक वाफा खाल्ला, मी म्हटलं खाऊ देत. दुसऱ्या वर्षी मटार मुळासकट. तिसऱ्या वर्षी टनेलचं प्लॅस्टिक खुरांनी फाडून आत शिरली आणि अळू तुडवून गेली. मी काय नाही केलं! वासाचे साबण टांगले, न्हाव्याकडून केस आणून पसरले, झाडाला रेडिओ बांधला. हरणं बातम्या ऐकत मेथी खायची. आठ फुटी कुंपण घालू का, असं मालकाला विचारलं तर तो म्हणाला, भाड्याच्या जमिनीवर एवढं कशाला करतेस. परवाना असलेला एक शिकारी गाठला. युवर मॅन, म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी', एका कोरड्या रविवारी आला, मोठ्या शिंगांचा एक नर मारला, फोटो काढला आणि गेला. कळप माद्यांचा होता. पुढच्या रविवारी पाऊस होता म्हणून तो आला नाही, त्याच्या पुढच्यालाही पाऊसच होता.

त्या शरद ऋतूत मालकाने मला चहाला बोलावलं. त्याच्या पुतण्याला माझ्या शेतात लाकडासाठी स्प्रूसची झाडं लावायची होती. म्हातारा कपाकडे बघत बोलत होता. सेंट पॅट्रिकच्या दिवसापर्यंत, म्हणजे सतरा मार्चपर्यंत थांबतो, म्हणाला. हरणं आवरली आणि तुझी पेरणी उभी राहिली तर शेत तुझंच. नाहीतर पुतण्याला हो म्हणावं लागेल. शेवटी "यू'ल बी ग्रँड", होईल सगळं ठीक, म्हणाला, जसं इथे सगळे सगळ्यांना म्हणतात. मी गाडीत येऊन बसले आणि काच वर करून ओक्साबोक्शी रडले. माझ्या हातातून ती एवढीच गोष्ट निसटत होती, आणि दुसरी कुठली माझ्यापाशी नव्हतीच.

घरी येऊन सांगितलं की मी बंदूक घेणार. नवरा म्हणाला, "अगं, तू झुरळ मारायला मला हाक मारतेस." मुलगी म्हणाली, "आई, दॅट्स प्युअर मेंटल." माझी आई तेव्हा कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेली होती. बंदुकीचं लोखंडी कपाट भिंतीत ठोकायला माणूस आला आणि जिन्याखालचं प्रेस, म्हणजे इथल्या बोलीत फडताळ, हीच त्यासाठी जागा ठरली, तेव्हा तिने पलीकडच्या भिंतीवरचे देव उचलले आणि स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी नेऊन ठेवले. "देवास्नी कशाला त्रास," एवढंच.

इथे बंदूक घ्यायची पद्धत अशी की आधी दुकानात नेमकी एक बंदूक ठरवायची. तिचा नंबर, तिचं कॅलिबर, ती कशासाठी हवी, हे सगळं अर्जात लिहायचं आणि मग गार्डांच्या उत्तराची वाट बघायची. तोवर ती दुकानदाराकडेच. शिवाय हरणांसाठी वेगळी परवानगी, आणि त्यासाठी नेमबाजीची परीक्षा. दुकान म्हणजे एका बुटक्या, सत्तरीतल्या माणसाच्या घरामागची खोली होती. मागे बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत त्याची रेंज. दुकानाच्या रायफली तिथे त्याच्या देखरेखीखाली चालवून बघता यायच्या.

कॅलिबर म्हणजे नळीची आतली रुंदी, हे मला त्याने पहिल्या दिवशी शिकवलं. रुंदीवरून सगळं कळत नाही, हेही शिकवलं. काडतुसात दारू किती, गोळी किती वजनाची, यावर ती किती जोराने लागते ते ठरतं. बावीस नंबरची सशांना पुरते, हरणाला नाही. हरणासाठी इथे निम्मे लोक टू-फोर्टी-थ्री घेतात: गोळी हलकी, वेगवान, सरळ जाणारी, खांद्याला धक्का बेताचा. मीही तीच ठरवली. बोल्टवाली, म्हणजे उजव्या बाजूला एक दांडी असते, ती उचलून मागे ओढायची आणि पुढे ढकलायची, की पुढची गोळी आत. "कुठल्या खांद्यावर लावतेस?" त्याने विचारलं. मी न अडखळता म्हणाले, उजव्या. तो नंबर अर्जात गेला आणि माझं नशीब त्या नंबराला जोडलं गेलं.

शंभर मीटरवर बशीएवढा गोल. मला तो लागेचना. गोळी कधी वर, कधी डावीकडे, कधी कुठे गेली तेच कळायचं नाही. मी आठवड्यातून दोनदा पावसात त्या खाणीत पालथी पडले, श्वास रोखला, सोडला, दुकानदाराने सांगितलेलं सगळं केलं. पहिल्या परीक्षेत नापास झाले. दुसऱ्या परीक्षेतही. दुसऱ्यांदा परीक्षकाने मान हलवली तेव्हा माझ्या मागे एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी उभी होती, ती तीन गोळ्यांत पास होऊन गेली. मला तिचा राग आला. मला त्या गोलाचा, त्या खाणीचा, हरणांचा, मालकाच्या पुतण्याचा, सगळ्यांचा राग आला. माद्यांच्या शिकारीचा हंगाम फेब्रुवारीअखेर संपतो आणि डिसेंबर उजाडला होता.

परीक्षक गेल्यावर दुकानदाराने मला थांबवलं. म्हणाला, दोन्ही हात पुढे धर, पंजे एकमेकांवर ठेवून मधे छोटं भोक कर, आणि त्यातून माझ्या नाकाकडे बघ. मी बघितलं. तो हसला. त्याला त्या भोकातून माझा डावा डोळा दिसत होता. मग त्याने जमिनीवर पडलेली पेन्सिल माझ्याकडे भिरकावली. मी झेलली, डाव्या हाताने.

"यू'र अ किटोग," तो म्हणाला, "सो यू आर." किटोग म्हणजे डावखुरा, आयरिश शब्द. मी नाही म्हणाले. खरंच नाही म्हणाले, चोरी पकडल्यासारखी! मी उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने जेवते, उजव्या हाताने पैसे देते.

पण तो म्हणत होता ते खरं होतं. मी डावखुरी जन्मले आणि आईने मला उजवी केलं. जेवताना डावा हात मांडीखाली दाबून बसायचा. प्रसादाला डावा पुढे आला की त्यावर चापट. कुणाला काही देताना डाव्याने दिलं तर आई ते परत घ्यायची आणि पाहुण्यांसमोर मला पुन्हा, नीट, उजव्याने द्यायला लावायची. तिसरीत असताना तिने वर्षभर माझ्या डाव्या मनगटाला रुमाल बांधून त्याचं टोक परकराच्या नाडीत खोचलं होतं. तिचंही चुकलं नसेल. डाव्या हाताच्या मुलीला कोण नावं ठेवत नव्हतं! दहाव्या वर्षापर्यंत मी जगापुरती उजवी झाले. खुरपं तेवढं डाव्यात राहिलं, कारण खुरप्याकडे कुणी बघत नाही. आणि पन्नाशीला टेकलेली मी, हजारो मैलांवरच्या खाणीत, एका परक्या म्हाताऱ्याने साधा प्रश्न विचारला तर अजून त्या रुमालाने बांधल्यासारखी 'उजवा' म्हणाले. उजव्या खांद्यावर बंदूक आणि नेम धरणारा डोळा डावा. बशी लागणार कशी?

दुकानदाराने स्वतःचा डावा पंजा माझ्यासमोर धरला. त्याच्या शाळेत मास्तर तो बाकाला बांधायचे आणि पट्टीने पेरांवर मारायचे. एक पेर अजून वाकडं आहे.

आता काय करायचं? डाव्या हाताची बोल्टवाली मागवली तर उन्हाळ्याआधी येत नव्हती. आहे तीच डाव्या खांद्यावर लावली तर प्रत्येक गोळीनंतर हात पलीकडे नेऊन दांडी ओढायची, आणि तेवढ्यात नेम मोडतो. तेव्हा त्याने भिंतीवरच्या दोन जुन्या रायफली खाली काढल्या. लिव्हरवाल्या. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि ट्रिगरभोवती बोटं अडकवायची एक लोखंडी कडी. कडी खाली ढकलून परत वर घ्यायची: रिकामं काडतूस वरून उडतं, नवं आत बसतं. कडी बरोबर मध्यभागी. तिला डावं-उजवं कळत नाही. वर्षानुवर्षं या भिंतीवर आहेत, तो म्हणाला, आजकाल कुणाला नको असतात.

पहिली थ्री-फिफ्टी-सेव्हन. मी ती डाव्या खांद्याला लावली आणि माझा गाल लाकडावर आपोआप टेकला. पहिली गोळी पन्नास मीटरच्या गोलात. दुसरी तिच्या शेजारी. धक्का इतका सौम्य की मला हसू फुटलं. हीच, मी म्हणाले, आत्ता लगेच हीच लिहा अर्जात. त्याने मान हलवली. हिचं काडतूस मुळात पिस्तुलाचं. हरणासाठी कायद्याला जेवढा जोर लागतो तेवढा हिच्यात नाही. मी वाद घातला. माझं शेत ऐंशी मीटरचं आहे, म्हणाले, जवळून मारीन, मानेत मारीन, कुणाला कळणार आहे? त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "जखमी करून बांधापलीकडे मरायला सोडायचं असेल तर घे," तो म्हणाला, "पण माझ्या दुकानातून नाही." मी काय मागत होते ते मला तोवर दिसलंच नव्हतं. मला ते मारायचं होतं, आणि मारल्यासारखं वाटायला नको होतं.

दुसरी थर्टी-थर्टी. गोळी जड, बोथट नाकाची. नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक ओळीने बसतात, टोकदार गोळी असेल तर धक्क्याने पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटून ते फुटायचं. दीडशे मीटरपुढे ही गोळी खाली पडायला लागते, म्हणून लोकांना नको. मला दीडशे मीटर कुठे हवे होते? मी एक गोळी मारली आणि तिने माझ्या खांद्यात अशी लाथ घातली की डोळ्यांत पाणी आलं. गोळी गोलात होती. खांदा चोळत मी म्हणाले, ही.

पण नवी बंदूक म्हणजे नवा नंबर, म्हणजे नवा अर्ज. जुना सहा आठवडे चालून आला होता, तो मागे घ्यायचा आणि रांगेच्या शेवटी उभं राहायचं. मी गार्डा स्टेशनबाहेर गाडीत बसले, दोन्ही अर्ज मांडीवर. हंगाम संपायच्या आत उत्तर आलं नाही तर संपलं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सोड ना आता. दुसरं काहीतरी बघू." दुसरं काहीतरी! मी फोन ठेवला, आत गेले आणि नवा अर्ज दिला. नाताळाआधी तिसरी परीक्षा झाली, डाव्या खांद्यावरून. पास झाले. आनंद वगैरे काही झाला नाही.

पुढचे आठवडे मी घरी केरसुणीच्या दांड्यावर सराव करायचे. दिवाणखान्यात उभी राहून दांडा डाव्या खांद्याला, बोटं खाली-वर. एका दुपारी आई दारात उभी राहून बघत होती.

"डावा हात परत वर आला व्हय?" ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "तूच मोडलास तो हात," मी ओरडले. "तू रुमाल बांधलास. दोन परीक्षा नापास झाले मी त्या रुमालापायी, शेत चाललंय माझं, आणि तू अजून हाताचंच बोलतेस!"

एवढं मी तिला आयुष्यात कधी बोलले नव्हते. ती आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि मला वाईट वाटत होतं तरी मी माफी मागितली नाही.

जानेवारी सगळा वाट बघण्यात गेला. रोज सकाळी शेतावर जायचं, रोज नवे खुर. मी टनेलमध्ये लवकर टाकलेली मेथी चार पानांवर आली आणि एका पहाटेत साफ झाली. पत्र आलं तेव्हा फेब्रुवारीचे अकरा दिवस उरले होते. रायफल घरी आली, लोखंडी कपाटात गेली. दहा सकाळी मी टनेलच्या दाराशी गवताच्या गाठोड्यावर बसले. पाऊस, धुकं, वारा. एकदा हरणं आली ती बांधाच्या माथ्यावर उभी राहिली, मागे नुसतं आकाश. मागे माती असल्याशिवाय गोळी सोडायची नाही, हे शिकवलेलं होतं. मी बोट ट्रिगरपासून लांब धरलं आणि ती गेली. त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही.

शेवटच्या सकाळी आई म्हणाली, "मी येतो संगट." कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात, 'येतो', 'जातो'. थंडी आहे, चिखल आहे, काही सांगून उपयोग झाला नाही. नातीचे गमबूट घातले, साडी त्यांत कोंबली, वर माझं जॅकेट, आणि हातात तिचा तांब्या. बाटलीतलं पाणी तिला चालत नाही, तांब्या ती जाईल तिथे नेते. टनेलमध्ये माझ्या मागे उलट्या ठेवलेल्या क्रेटवर ती बसली.

उजाडून थोडा वेळ झाला होता. पाच माद्या बांधावरून उतरून खाली वाफ्यात आल्या. त्यांच्या मागे बांधाची उभी माती. पुढची आडवी उभी राहिली. मी कडी खाली-वर केली, गाल लाकडाला लावला. डावा डोळा, डावा खांदा, डावं बोट. मला वाटलं होतं मन घट्ट करावं लागेल. तसं काही झालं नाही. हाताला सगळं येत होतं.

धक्का बसला. ती चार उड्या मारून पडली. बाकीच्या बांधापलीकडे गेल्या आणि त्या वसंतात परत आल्या नाहीत. पुढे मटार उभे राहिले, मालक बघून गेला, पुतण्याला त्याने नाही सांगितलं. शेत माझ्याकडे राहिलं. हे आत्ताच सांगून टाकते, कारण त्या सकाळी मला त्यातलं काहीच आठवलं नाही.

जेवढं थांबायला शिकवलं होतं तेवढा वेळ मी थांबले, मग रायफल रिकामी केली आणि गेले. ती मेलेली होती. डोळे उघडे होते, ओले. आई चिखलातून डगमगत माझ्या मागे आली. तिने खाली वाकून हरणाच्या पोटावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"गाभण हाय गं," ती म्हणाली.

मला माहीत होतं. फेब्रुवारीत सगळ्याच असतात. दुकानदाराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अर्ज भरताना, परीक्षा देताना, कुठल्या गोळीचा जोर पुरेल याचा हिशोब करताना मला ते माहीत होतं. मी तिथेच चिखलात बसले आणि रडायला लागले, आणि थांबता येईना.

आईने मला रडू दिलं. मग तांब्या माझ्यापुढे धरला. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात तसं हिच्याही तोंडात घालायचं, एवढं मला कळलं. मी डोळे पुसले आणि हात पुढे केला. सवयीने उजवा.

आईने तांब्या मागे घेतला.

"त्यो न्हाई," ती म्हणाली. "ज्यानं जीव घेतला त्यानंच पाणी घाल."

तिने माझं डावं मनगट धरलं, रुमाल बांधायची तिथेच, तळहात वर वळवला आणि त्यात पाणी ओतलं.